नवीन स्विमिंग पूल आणि रोजची तीच कटकट: पाणी कमी होतं, पंप हवा घेतो, मोटर ट्रिप होते

कर्जत, अलिबाग, लोणावळा, मुळशी या पट्ट्यात बंगल्यामागच्या पूलची तक्रार जवळजवळ नेहमी एकाच पद्धतीने माझ्यापर्यंत येते. पूल नवा असतो, पहिला सीझन चालू असतो आणि काहीतरी एक गोष्ट दुरुस्त करूनही पुन्हा पुन्हा बिघडत असते. खोदकाम आणि आरसीसी एकाने केलेलं, टाइल दुसऱ्याने लावलेली, पंप आणि फिल्टर तिसऱ्याने बसवलेला. आरसीसीवाला म्हणतो पाइप गळतोय, पाइपवाला म्हणतो भिंत गळतेय, टाइलवाला म्हणतो माझं काम फक्त टाइल लावायचं. मालक मुंबईत किंवा पुण्यात, आणि आठवडाभर पूल माळीदादांच्या भरवशावर. शेवटी कोणीतरी छातीठोकपणे सांगतो, "टाइल काढून वॉटरप्रूफिंग परत करावं लागेल." थांबा. तो हातोडा आधी खाली ठेवायला सांगा.

फोनवर लोक "काय बिघडलंय" ते सांगतात. मी विचारते, "केव्हा बिघडतं?" पंप बंद केल्यावर, की सुरू केल्यावर? बॅकवॉश (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुणं) केल्यानंतर? लाइट जाऊन आल्यावर? पाऊस पडला की? परत परत येणाऱ्या बिघाडाला वेळ असते आणि त्या वेळेवरून निम्मं निदान होतं. माळीदादांना एक वही द्या. पंप किती वाजता सुरू, किती वाजता बंद, त्या वेळी प्रेशर गेजचा आकडा, टाकीतली पातळी आणि पाणी बाहेरून भरलं का, एवढंच लिहायचं. आठवडाभराची वही हातात असली की तिघा कंत्राटदारांपैकी कोणाशी बोलायचं हे कळतं.

रोज पाणी भरावं लागतं, पण पूल तर काठोकाठ दिसतो

इथे जास्त वेळ थांबते, कारण विनाकारण सर्वाधिक तोडफोड याच तक्रारीवरून होते. आपल्याकडे हल्ली ओव्हरफ्लो पूलची हौस आहे. पाणी काठावरून सांडतं, जाळीखालच्या चॅनेलमध्ये पडतं, तिथून पाइपने बॅलन्सिंग टँकमध्ये जातं आणि पंप ते टँकमधून ओढून, फिल्टर करून परत पूलमध्ये सोडतो. या पूलमध्ये पाणी कमी झालं तर ते पूलमध्ये दिसतच नाही, टँकमध्ये दिसतं. आणि टँक असतो जमिनीखाली, झाकणाखाली, कोणी बघत नाही तिथे.

आता हिशोब करू. पूल ८ मीटर बाय ४ मीटर धरा, म्हणजे ३२ चौरस मीटर पृष्ठभाग. १ मिमी पाणी म्हणजे ३२ लिटर. पंप चालू असताना पाणी काठाच्या वर साधारण ५ ते ८ मिमी चढलेलं असतं, तेव्हाच ते सांडतं. पंप बंद केला की हे सगळं, म्हणजे १६० ते २५० लिटर, टँककडे निघतं. पूलभोवतीचं चॅनेल २४ मीटर लांब, २० सेंमी रुंद, त्यात ५ सेंमी पाणी वाहत असेल तर आणखी २४० लिटर. पाइपात असलेलं वेगळं. पंप बंद झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत पाचशे-सहाशे लिटर पाणी टँकमध्ये परत येतं. पूलमध्ये पाच माणसं उतरली तर प्रत्येकाच्या वजनाएवढं पाणी बाहेर सरकतं, म्हणजे आणखी सव्वातीनशे-साडेतीनशे लिटर.

आणि बऱ्याच बंगल्यांत खर्च वाचवायला टँक म्हणून काय पुरलेलं असतं? हजार लिटरची प्लास्टिकची पाण्याची टाकी. त्यात बॉल व्हॉल्व्ह लावलेला, तोही गच्चीवरच्या टाकीला लावतात तसा अगदी वर. सकाळी पंप सुरू होतो, टाकीतलं पाचशे लिटर पाणी पूलमध्ये जातं, पातळी खाली येते. बॉल व्हॉल्व्ह इमानदारीने उघडतो आणि बोअरच्या पाण्याने टाकी पुन्हा काठोकाठ भरतो. संध्याकाळी पंप बंद. ते पाचशे लिटर परत येतं, टाकीत जागा नाही, मग ओव्हरफ्लोच्या पाइपातून बागेमागच्या नालीत. दुसऱ्या दिवशी हेच. मालकाला वाटतं पूल रोज पाचशे लिटर गळतोय. पूल गळत नाही, टाकी ओतून देते.

खात्री करायला काही लागत नाही. ओव्हरफ्लोचा पाइप कुठे सुटतो ते शोधा, तिथे एक माणूस उभा करा आणि पंप बंद करा. पाणी धो धो आलं की निदान झालं.

उपाय दोन. पहिला फुकटचा: बॉल व्हॉल्व्हची पातळी खाली आणा. पंप चालू असताना टाकीत जेवढं कमीत कमी पाणी हवं तेवढ्यावर व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा, त्याच्या वरची जागा परत येणाऱ्या पाण्यासाठी रिकामी राहिली पाहिजे. पण हजार लिटरच्या टाकीत हे ओढाताणीचं होतं. वर सहाशे लिटर जागा ठेवली तर खाली चारशेच उरतात, आणि फिल्टर बॅकवॉश करायचा तर मिनिटाला दोनशे लिटरच्या हिशोबाने तीन मिनिटांत सहाशे लिटर लागतात. म्हणून दुसरा उपाय: शेजारी त्याच पातळीवर आणखी टाकी पुरून तळाशी जाड पाइपने जोडणे. बॅलन्सिंग टँक पूलच्या पाण्याच्या ५ ते १० टक्के असावा हा ढोबळ नियम आहे. वरच्या पूलची सरासरी खोली १.३५ मीटर धरली तर पाणी ४३,००० लिटर होतं, म्हणजे टँक किमान दोन-सव्वादोन हजारांचा हवा, चारएक हजारांचा असेल तर उत्तम. टाकी पुरण्याचा खर्च टाइल काढण्याच्या खर्चाच्या आसपासही जात नाही.

याच टाकीची दुसरी तक्रार म्हणजे सकाळी पंप सुरू केला की दहा मिनिटांत आवाज बदलतो, जेटमधून (फिल्टर केलेलं पाणी पूलमध्ये सोडणाऱ्या तोंडांतून) बुडबुडे येतात. ज्यांच्याकडे बॉल व्हॉल्व्ह नाही, माळीदादा नळीने पाणी भरतात, त्यांच्याकडे हे हमखास. पंप सुरू होताच पाणी पूलमध्ये जातं, काठ सांडायला लागून चॅनेलमधून परत यायला वेळ लागतो, तोवर टाकीची पातळी सक्शनच्या, म्हणजे पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या, तोंडापर्यंत उतरते आणि भोवरा पडून हवा आत जाते. टाकीचं झाकण उघडून बघा, भोवरा डोळ्यांना दिसतो. सक्शनच्या तोंडाला खाली वळणारा एल्बो लावला, वर निदान ३० सेंमी पाणी राहील अशी पातळी ठेवली आणि लेव्हल खाली गेली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच बसवला की हे संपतं. फ्लोट स्विच नसलेला नवा पूल मला अजून सर्रास दिसतो. पंप कोरडा फिरला की मेकॅनिकल सील जळतं, आणि मग ती वेगळी तक्रार सुरू होते.

टाकी ठीक आहे, तरी पाणी जातंय

मग बादली चाचणी. ही जुनी आणि साधी चाचणी कोणीही टाळू नये. बादलीत पूलचंच पाणी भरा, ती पूलच्या पायरीवर अशी ठेवा की आतली आणि बाहेरची पातळी सारखी राहील. दोन्हीकडे टेपने खूण करा. आपोआप पाणी भरणारा व्हॉल्व्ह बंद, कोणी पोहायचं नाही. २४ तासांनी दोन्ही खुणा मोजा. बादलीत जे उतरलं ते बाष्पीभवन, पूलमध्ये जास्त उतरलं तेवढी गळती. बादली ६ मिमी आणि पूल १४ मिमी उतरला तर फरक ८ मिमी, म्हणजे ३२ चौरस मीटरला दिवसाला अडीचशे लिटर. एप्रिल-मे महिन्यात घाटावरच्या कोरड्या वाऱ्यात बादलीसुद्धा ८-१० मिमी उतरू शकते, तेव्हा नुसतं "सेंटिमीटरभर कमी झालं" म्हणून घाबरू नका.

हीच चाचणी दोनदा करायची, एकदा पंप बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून. ओव्हरफ्लो पूलमध्ये पंप चालू असताना पूलची पातळी हलत नाही, म्हणून तेव्हा टँकची उतरण मोजायची, लिटरमध्ये. पंप चालू असताना गळती वाढत असेल तर पंपानंतरची, दाबाखालची लाइन बघा. बंद असताना जास्त आणि चालू असताना कमी असेल तर सक्शन लाइनवर संशय, कारण पंप ओढत असताना त्या पाइपातला दाब उतरतो आणि गळतीही कमी होते. दोन्ही वेळी सारखीच असेल तर पूलचं भांडं किंवा त्यातली फिटिंग.

आणखी एक सोपी गोष्ट. पंप बंद, सगळे व्हॉल्व्ह बंद आणि भरणं थांबवून पाणी जिथे आपोआप थांबतं ती पातळी बघा. पाण्यातल्या लाइटच्या खालच्या कडेला थांबलं तर लाइट, रिटर्न जेटला थांबलं तर जेट. पण ही युक्ती फक्त कोरड्या दिवसांत, पावसाळ्यात नाही. का ते पुढे येतंय.

भांड्यातली गळती असेलच तर ती मोकळ्या भिंतीतून क्वचित होते. ती होते जिथे पाइप काँक्रीटमधून आरपार गेलाय तिथे, कारण पीव्हीसीला काँक्रीट धरत नाही. पडल फ्लँज (पाइपाभोवतीची, काँक्रीटमध्ये गाडली जाणारी कड) न घालता नुसता पाइप ओवून मसाला भरला असेल तर वर्षभरात बारीक फट पडतेच. नंतरचा नंबर लाइटच्या कोनाड्यातून वर जाणाऱ्या वायरच्या पाइपाचा, आणि मग तळ आणि भिंत यांच्यामधल्या जोडाचा. पाणी अगदी शांत असताना सिरिंजमध्ये खाण्याचा रंग घेऊन जेटच्या कडेला, लाइटच्या मागे, तळाच्या मेन ड्रेनच्या फ्रेमजवळ हळूच सोडा. गळती असेल तिथे रंगाची रेघ आत ओढली जाते. लाइटचा पाइप असेल तर पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी भरून काम भागतं, पूल रिकामा करायचीही गरज नाही.

ग्राउट उखडलं म्हणून पूल गळतो असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. ग्राउट आणि टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. पाणी त्यांच्या मागे जातच असतं, ते अडवायचं काम मागच्या थराचं आणि काँक्रीटचं.

पंप हवा घेतो, स्किमरवाल्या पूलमध्ये

इथे पाणी काठावरून सांडत नाही, भिंतीतल्या स्किमर नावाच्या तोंडातून थेट पंपाकडे ओढलं जातं. टँक नाही, पंप बहुतेक वेळा जमिनीवरच्या छोट्या खोलीत, पाण्याच्या पातळीपेक्षा वर. स्ट्रेनरच्या, म्हणजे पंपाआधीच्या कचरा-जाळीच्या, पारदर्शक झाकणातून हवेचा फुगा दिसतो, गेजचा काटा थरथरतो, रोज सकाळी झाकण उघडून पाणी ओतून प्राइम करावं लागतं. प्लंबर येतो, नवीन टेफ्लॉन गुंडाळतो, दोन दिवस बरं चालतं, परत तेच.

एक तत्त्व लक्षात ठेवा: पंपाच्या पुढे फट असेल तर पाणी बाहेर येतं, मागे असेल तर हवा आत जाते. जमीन ओली दिसत नाही म्हणून जोड चांगला आहे असं मानू नका. आधी स्वस्तातलं बघा. स्किमरमध्ये पाणी तोंडाच्या अर्ध्यापर्यंत आहे का? त्याची झडप वर अडकून हवा ओढतेय का? स्ट्रेनरच्या झाकणाची ओ-रिंग काढून धुवा, तिच्या खाचेत वाळूचा एक कण असला तरी पुरे. परत बसवताना सिलिकॉन ग्रीस लावा, घरातलं व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं. मग पंप चालू ठेवून सक्शनच्या प्रत्येक जोडावर, युनियनवर, व्हॉल्व्हच्या दांड्यावर दाढीचा फेस लावत जा. फट असेल तिथे फेस आत ओढला जातो. फेस नसेल तर त्या जोडावर सावकाश पाणी ओतत राहा, बुडबुडे थांबले की जागा सापडली.

नव्या कामात सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो पंपाला लागलेला पहिला आट्यांचा जोड. पंप एकदा कोरडा चालला की तिथलं प्लास्टिक तापून आकसतं, मग कितीही टेफ्लॉन गुंडाळा, हवा घेणारच. जोड बदलावा लागतो. आणि मोटर बंद झाल्यावर पाणी पूलमध्ये परत जाऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का, असला तर त्यात टाइलचा तुकडा अडकलाय का, तेही बघा. बांधकामाचा कचरा पहिले काही महिने पाइपातून निघतच असतो.

आवाज वेगळा असेल, पंपात खडी फिरतेय असा, आणि बुडबुडे फारसे नसतील, तर ती हवेची तक्रार नाही. पाइप लहान आणि पंप मोठा. "दोन एचपी टाकला साहेब, जोरात चालेल" ही विक्रीची भाषा. ४३,००० लिटर पाणी सहा तासांत एकदा फिरवायचं तर ताशी सव्वासात हजार लिटर पुरतात. सक्शन पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत हवा. ५० मिमीच्या पाइपातून त्या वेगाने ताशी साडेआठ हजार लिटरच्या आसपास जातं, ६३ मिमीच्या पाइपातून तेरा-चौदा हजार. दोन एचपीचा पंप याच्यापेक्षा खूप जास्त ओढायला जातो आणि त्याला पाणी मिळत नाही. पंप लहान करा. वीजबिलही उतरेल.

लाइट जाऊन आल्यावर

थ्री-फेज मोटर असेल आणि "लाइट आल्यापासून प्रेशर येत नाही" अशी तक्रार असेल, तर फिल्टर उघडण्याआधी मोटरच्या पंख्याकडे बघा. लाइनवर काम झाल्यावर दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते. उलटा फिरणारा सेंट्रिफ्युगल पंपसुद्धा थोडं पाणी देतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, नुसतं प्रेशर पडलेलं दिसतं. विहिरीवर मोटर असलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे अर्ध्या मिनिटात कळतं; बंगल्याच्या कंत्राटदाराला मात्र कळत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. इलेक्ट्रिशियनकडून दोन वायरी बदलून घ्या आणि फेज सिक्वेन्स (फेजचा क्रम) बघणारा प्रिव्हेंटर बसवून घ्या. तोच एक फेज गेल्यावरही मोटर जळण्यापासून वाचवतो.

सिंगल फेजवर मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर आधी व्होल्टेज मोजा, मग कपॅसिटर.

ट्रिपिंगबद्दल मात्र एक गोष्ट ठामपणे सांगते. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडतोय म्हणून तो बायपास करून देणारा इलेक्ट्रिशियन त्याच दिवशी बदला. पूलच्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच आणि पाण्यातले लाइट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून १२ व्होल्टवर. ट्रिप होत असताना कोणी पाण्यात उतरायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. कारण शोधायला सगळी सर्किटं सुटी करून एकेक जोडत जा. पावसानंतरच ट्रिप होत असेल तर बहुतेक वेळा बागेत, जमिनीच्या पातळीला बसवलेला जंक्शन बॉक्स पाण्याने भरलेला सापडतो. तो पूलच्या पाण्यापेक्षा वर, भिंतीवर हवा.

फिल्टर, वाळू आणि नालीकडे जाणारा पाइप

गेजचा आकडा फिल्टर स्वच्छ असताना किती, तो फिल्टरवरच मार्करने लिहून ठेवा. त्यापेक्षा अर्धा ते पाऊण बार वाढला की बॅकवॉश. रोज सवय म्हणून बॅकवॉश करणारे माळीदादा दरवेळी सहाशे लिटर पाणी नालीत घालतात, आणि वाळूही नीट गाळत नाही, कारण थोडी मळलेली वाळू जास्त बारीक गाळते.

फिल्टर चालू असताना, म्हणजे हँडल 'फिल्टर'वर असताना, नालीकडे जाणाऱ्या वेस्ट पाइपातून पाण्याची बारीक धार येतेय का ते बघा. येत असेल तर मल्टिपोर्ट व्हॉल्व्हमधलं (ते हँडल ज्याचं, तो पाण्याची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह) चांदणीच्या आकाराचं गॅस्केट गेलंय. पंप चालू ठेवून हँडल फिरवलं की ते उचकटतं. ही गळती पंप चालू असेल तोवर चालत राहते आणि बादली चाचणीत "पंप चालू असताना जास्त" म्हणून दिसते. फरशी फोडून प्रेशर लाइन शोधायला निघण्याआधी हे एकदा नक्की बघा.

पूलच्या तळाशी जेटसमोर वाळू जमते? नवीन वाळू भरल्यावर पहिल्या दिवशी थोडी येते, बॅकवॉशनंतर 'रिन्स' (पहिलं मळकट पाणी नालीत सोडणं) न केल्यामुळेही येते. पण रोज येत असेल तर फिल्टरच्या तळाची जाळीदार नळी, लॅटरल, तुटली आहे. फिल्टरची टाकी अर्धी पाण्याने न भरता गोणीतून वाळू थेट ओतली की ती तुटते. फिल्टर रिकामा करण्याशिवाय पर्याय नाही, आणि हा खर्च बसवणाऱ्याचा.

हिरवं, तांबूस, दुधी

नवीन पूलमध्ये सिमेंट आणि ग्राउट पाण्यात चुना सोडत राहतात, त्यामुळे पहिले काही आठवडे पीएच रोज वर चढतो. पीएच ७.५ असताना क्लोरीनचा साधारण अर्धा भाग कामाचा असतो, ८ वर जेमतेम पाव. म्हणून "एवढी पावडर टाकतो तरी हिरवं होतं." पावडर वाढवू नका, पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणा. अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओतायचं, अ‍ॅसिडवर पाणी नाही, आणि क्लोरीनच्या डब्याजवळ तर अजिबात नाही. टीसीसीए (क्लोरीनचाच दुसरा प्रकार) आणि ब्लीचिंग पावडर एकाच मापाने, एकाच बादलीत कधी घेऊ नका. ओलसर मिश्रण पेट घेतं.

दर शनिवारी हिरवं दिसणाऱ्या पूलचं कारण वहीत सापडतं: मालक आले की पंप चालतो, इतर दिवशी बंद. टायमर लावा, रोज सहा ते आठ तास.

आणि बोअरचं पाणी क्लोरीन टाकताच तांबूस किंवा चहासारखं झालं तर ते शेवाळ नाही, लोखंड आहे. शेवाळ बोटाला बुळबुळीत लागतं, लोखंडाने पाणी रंगतं पण हात स्वच्छ राहतो. रात्री पंप बंद ठेवून तुरटी किंवा फ्लॉक्युलंटने गाळ खाली बसवा आणि सकाळी हँडल 'वेस्ट'वर ठेवून व्हॅक्यूम करा. फिल्टरमधून फिरवलात तर निम्मं परत येईल.

दुधी पाणी आणि वॉटरलाइनवर पांढरा थर म्हणजे कडक पाणी आणि चढलेला पीएच. पीएच आवरला की नवा थर थांबतो, जुना हलक्या हाताने घासून काढा.

पावसाळ्यात पूल रिकामा करू नका

जूनमध्ये दरवर्षी कोणीतरी म्हणतं, वापर नाही, गळती शोधायची आहे, रिकामा करू. कोकणात आणि घाटमाथ्यावर जमिनीतलं पाणी तेव्हा पूलच्या तळापेक्षा वर आलेलं असतं. १५० मिमी जाडीच्या आरसीसी तळाचं वजन चौरस मीटरला पावणेचारशे किलो. बाहेर पाणी तळाच्या वर १.२ मीटर उभं असेल तर वर ढकलणारा दाब चौरस मीटरला बाराशे किलो. भिंतींचं वजन धरूनही लहान पूल उचलला जातो, नाहीतर तळ मधून फुगून तडकतो. मग टाइल सुटतात, जोड उघडतात आणि त्यानंतरची गळती कोणाच्याच बापाला सापडत नाही. काळ्या मातीत तर भिजलेली मातीही फुगून ढकलते. तळाला हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह (जमिनीतलं पाणी आत घेऊन दाब उतरवणारा) आहे का ते कंत्राटदाराला विचारा, आणि असला तरी त्याच्या भरवशावर राहू नका. भरलेला पूल सुरक्षित पूल. रिकामा करायचाच तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, शेजारी खड्डा घेऊन जमिनीतलं पाणी किती खोल आहे ते बघून.

जमिनीखालची पंप रूम पावसाळ्यात तुंबते ही ठरलेली गोष्ट आहे. कोपऱ्यात सम्प (पाणी गोळा होणारा खड्डा) आणि फ्लोट स्विचवाला छोटा पंप हवा, आणि त्याला वीज पूलच्या पॅनेलमधून देऊ नका. आरसीसीबी पडला की तोही बंद पडतो आणि सकाळी मोटर पाण्याखाली असते.

काम अजून सुरू असेल तर

ज्यांचा पूल अजून बांधून व्हायचा आहे त्यांनी शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कंत्राटदार कुरकुर करेल, करू द्या. करारात आयएस ३३७० प्रमाणे काँक्रीट असं लिहून घ्या, पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी तेच मानक आहे. टाइल लावण्याआधी नुसतं काँक्रीटचं भांडं भरून निदान सात दिवस ठेवायचं. काँक्रीट सुरुवातीला पाणी पितं, म्हणून पहिले काही दिवस सोडून मग पातळी मोजायची. पाइप गाडण्याआधी सगळी तोंडं बंद करून पाण्याने दीड-दोन बारपर्यंत प्रेशर द्या आणि अर्धा तास काटा हलत नाही ना ते स्वतः उभं राहून बघा. कॉम्प्रेसरच्या हवेने ही चाचणी करू देऊ नका. पीव्हीसी फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात. आणि खंदक बुजवण्याआधी प्रत्येक पाइपाचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असा. फोटो मालकाच्या फोनमध्ये हवेत, कंत्राटदाराच्या नव्हे.